अकराव्या मिनिटाला गप्प होणारा धवला

बाळाराम, तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले, आणि त्यातले एकोणीस दिवस तुझा कॉम्प्युटर सुतकात होता.

माणसांचं सुतक वेळेवर फिटलं. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, तुझी लेक पूनम ऑफिसला जाऊ लागली, वहिनी पिशवी घेऊन मासळी बाजारात दिसल्या. तुझ्या त्या खोक्याचं मात्र फिटेना. पडदा उजळायचा, गाण्याची रेघ डावीकडून उजवीकडे सरकायची, खाली सेकंद पळायचे, अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागलेला असायचा, आणि आवाज म्हणशील तर मुंगीच्या शिंकेएवढाही नाही.

आता मी सांगू नये, पण सांगतो. पनवेलपासून पार पुण्यापर्यंत माझ्याएवढा कॉम्प्युटर कळणारा माणूस झालेला नाही. हे वाक्य मी तुझ्यासमोर हजारदा तरी बोललो असेन, आणि हजारही वेळा तू मान वर न करता म्हणालास, "नाय." बस. एक शब्द. वाद नाही, खुलासा नाही. मी ट्रेलर चालवायचो तेव्हा मला वाटायचं हा माझ्या थापांना घाबरतो म्हणून तोडतो. आता कळतं की त्या एका शब्दावर टेकूनच मी इतकी वर्षं थापा मारत उभा होतो. तुझ्या तेराव्याला मी पंगतीत सांगितलं की एकदा पुढचे सगळे गिअर गळून पडले म्हणून मी पळस्प्यापासून न्हावा शेव्यापर्यंत कंटेनरचा ट्रेलर उलटा चालवत नेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, "हो ना काका, तेव्हाचे ड्रायव्हर तसेच होते." बाळ्या, तोंडातली बुंदी कडू झाली. कोणी नाय म्हणेना. मग मी थाप अर्ध्यावर सोडली आणि पाणी प्यायलो. दमलोय रे मी. खोटं बोलायलाही जोडीदार लागतो.

चौदाव्या दिवशी वहिनींनी फोन केला. "भावजी, येक काम हाय. पूनमची हलद आलीय. त्यांचा कॉम्पुटर बोलत नाय. तेवरा चालू करून द्या."

तेवढंच. पण त्या "तेवढ्या"त काय होतं हे तुला ठाऊक, मला ठाऊक. दवाखान्यात तू पूनमला दोनच गोष्टी सांगितल्यास: लग्न पुढे ढकलायचं नाही, आणि हळदीला आयचाच धवला लावायचा. हे वाचणाऱ्यांत कोणी घाटावरचा असला तर त्याला सांगायला हवं की तुम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळद नुसती लागत नाही, ती गाऊन लावावी लागते. ते गाणं म्हणजे धवला, आणि गाणारी ती धवलारीण. भटजीच्या आधी तिचा मान. तुझी आय ओवे गावची धवलारीण होती. तिच्या आवाजाबद्दल मी अनेक थापा मारलेल्या आहेत, पण खरं तेवढंच सांगतो, की ती गायला लागली की मांडवातली पोरं खुर्च्या ओढायची थांबायची. ती गेली आणि तिच्या आवाजाची एकच कॅसेट मागे राहिली. कॅसेटचं तू कॉम्प्युटरवर घेतलंस. आता नातीच्या हळदीला पंधरा दिवसही उरले नव्हते आणि ते यंत्र मुकं.

म्हणून मी आलो. पनवेलच्या स्टँडमागच्या तुझ्या दोन खोल्यांच्या घरात, रविवारी चार वाजता, नेहमीसारखा. फरक एवढाच की चहाचे कप दोन नव्हते, एकच होता.

तुझी खोली तशीच आहे. लग्नाच्या साऊंडचे ते दोन काळे बॉक्स, कपाटाएवढे, ते अजून भिंतीला टेकून उभे आहेत आणि त्यांच्यावर वहिनींचे सुकटीचे डबे. ढोलकी वाजली की डब्यांची झाकणं नाचायची, आणि वहिनी आतून ओरडायच्या, "माजा जवला सांडला ना, तर दोगांना पन बाहेर काडीन!" अर्थिंग तू कधी नीट केलं नाहीस, त्यामुळे बॉक्समधून सदा घुंई चालू. मी सगळ्यांना सांगत आलो की तुझ्या बॉक्समधून स्टँडवरच्या घोषणा ऐकू येतात, आणि एकदा त्यावर अलिबाग गाडीची घोषणा ऐकून तुझे पाहुणे खाली धावले, गाडी पकडली, आणि उतरल्यावर त्यांना आठवलं की ते तुझ्याकडे राहायला आले होते. तू म्हणालास, "नाय." वहिनी म्हणाल्या, "पाव्हने खरंच लवकर गेले व्हते हां." एवढाच एकदा तू हरलास.

खुर्चीत बसलो आणि पहिल्यांदा वायरी बघितल्या. बंदरात पंचवीस वर्षं क्रेनवर बसलेला माणूस तू, वायरींना स्टिकर लावणारा थोडाच. आयच्या माहेरचा, उरणकडचा, जाळ्याचा नायलॉनचा दोरा बांधलेला. डाव्या बॉक्सच्या वायरीला एक गाठ, उजव्याच्या दोन, कॉम्प्युटरमधून अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरीला तीन. अंधारात हात घातला तरी कळावं. मी एक चूक केली, बाळ्या. वायर आतून तुटलीय का बघायला मी त्या गाठी सोडल्या. सगळ्या. सोडून झाल्यावर हातात दोऱ्याचे तीन वाकडे तुकडे राहिले आणि मला जे काही झालं ते झालं. वहिनी चहा घेऊन आल्या, बघितलं. कप ठेवून गेल्या.

आपलं भांडणच ते होतं ना. काहीही बंद पडलं की तू म्हणायचास "वायर" आणि मी म्हणायचो "ड्रायव्हर". ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला, आवाजाचं काम बघणारा प्रोग्राम, हे मी तुला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तू खूप हसलास, म्हणालास की इतकी वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस ड्रायव्हरवर खापर फोडायला इतका उतावीळ कसा! आणि हिशेब केला तर खरं सांगायचं म्हणजे आपण दोघंही फारसे बरोबर निघालो नाही. एकदा महिनाभर गाणी "सापडत नाहीत" असं यंत्र सांगत होतं. मी तीनदा सगळं पुसून नव्याने टाकलं, तू सगळ्या वायरी बदलल्यास, आणि शेवटी निघालं काय, तर पूनमने पेनड्राइव्ह दुसऱ्या भोकात लावला होता आणि यंत्राने त्याचं नाव बदललं होतं. घर तेच, पाटी बदललेली, पोस्टमन परत जातोय. दुसऱ्यांदा डावा बॉक्स गेला. तुझं म्हणणं वायर, माझं म्हणणं ड्रायव्हर, आणि आत निघाली पाल. ती पाल घोरपडीएवढी होती हे मी आजही सांगतो.

पण तुझी एक रीत होती ती मी कधी मोडली नाही. कंटेनर उचलताना आधी वीतभरच उचलायचा. थांबायचं. बघायचं, दोर ताणलेत का, पेटी तिरकी होतेय का. मग वर न्यायचा. आवाजाचं बटणही तू तसंच फिरवायचास. आधी वीतभर. थांबायचास. मान तिरकी करून ऐकायचास. मी म्हणायचो, "अरे गाणं आहे ते, वीस टनांची पेटी नाही!" तू म्हणायचास, "तुना काय म्हायती, इन्या. आयचा आवाज हाय."

आणि आता तो अकराव्या मिनिटाचा विषय. तो तुझ्या हयातीत मी काढला नाही, म्हणून इथे काढतो. तुला उत्तर देता येणार नाही याचा फायदा घेतोय, असं म्हण हवं तर.

तुझ्या चुलतबहिणीची हळद, ओव्याला. मी पुण्याहून माल घेऊन आलो होतो, उशिरा पोचलो, पण पोचलो, आणि बगलेत टेपरेकॉर्डर होता. जहाजावरच्या कुणा खलाशाकडून घेतलेला. तो मला समुद्रात तरंगताना सापडला असं मी त्या वेळी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी आय गायली ते मी सगळं टेप केलं. कॅसेटची एक अख्खी बाजू. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगती चालू होत्या, पोरांनी मला घेरलं, "काका, घाटात ब्रेक गेले त्याची गोष्ट सांगा." आणि मी शहाण्याने टेप बरीच मागे घेतली, त्यांना आयचं गाणं ऐकवलं, म्हटलं यावर माझाही आवाज येतो बघा, आणि लाल बटण दाबलं. कॅसेट उलटायची विसरलो. गोष्ट सांगत बसलो. आयच्या गाण्यावर.

घरी जाऊन लावलं. अकरा मिनिटं आय. आणि मग एकदम माझा घोगरा आवाज, "तर मंडळी, खंडाळा सोडलं आणि..." मी झटकन बंद केलं. पुढचं ऐकायची छाती झाली नाही. कॅसेट तुला आणून दिली, म्हटलं, "सांभाळ." मनात म्हटलं, आय आहे की, पुढच्या लग्नात परत गाईल, परत टेप करू. पुढचं लग्न यायच्या आत आय गेली. तू ती कॅसेट तिच्या पेटीत ठेवलीस आणि कित्येक वर्षं लावलीच नाहीस. ऐकवत नाही म्हणालास. बाळ्या, तुझ्या त्या दुःखाला मी मनातल्या मनात नारळ फोडला. किती नीच असतो माणूस.

मग सहा वर्षांपूर्वी तू निवृत्त झालास, कॉम्प्युटर घेतलास, आणि एका रविवारी म्हणालास, "ये, आयचं कॅसेटवरनं काडलंय." मी येऊन बसलो. सात मिनिटं, आठ, नऊ. माझ्या बनियनला पाझर फुटला होता. दहा. अकरा. मी डोळे मिटले. आणि काही नाही. शांतता. गाण्याची रेघ सरकत होती, सेकंद पळत होते, सहा मिनिटं नुसती शांतता, आणि सतराव्या मिनिटाला आय परत अर्ध्या शब्दापासून गायला लागली. तू वळून म्हणालास, "हितं कॉम्पुटर गप होतंय बग. तुला कलतं ना यातलं? काय जालं असंल?"

मी मनात म्हटलं, बुरशी! इतक्या वर्षांत कॅसेटला बुरशी लागली आणि माझा आवाज खाऊन गेली. बुरशी देवासारखी धावून आली. आयच्या गाण्याला दोन्हीकडून न शिवता नेमकी माझीच गोष्ट खाणारी बुरशी! इतका मूर्ख मी नव्हतो, पण सुटका होत असली की माणूस मूर्ख व्हायला एका पायावर तयार होतो. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "ड्रायव्हर."

तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. आणि म्हणालास, "मना तर वायर वाटतं."

सहा वर्षं, बाळ्या. सहा वर्षं दर रविवारी आपण ती शांतता दुरुस्त केली. नवे ड्रायव्हर टाकले, वायरी बदलल्या, मी वाजवणारे प्रोग्राम बदलले, तू हिरव्या भोकातली पिन फडक्याने पुसलीस. अकराव्या मिनिटाला तुटून सतराव्याला आपोआप जुळणारी वायर जगात कुठे असते का? आणि घड्याळ लावून सहा मिनिटं बिडी प्यायला जाणारा ड्रायव्हर? मला माहीत होतं की नसतो. एकदाही वाटलं नाही की तुलाही माहीत असेल. शेवटी शेवटी तर ती सहा मिनिटं आपली सवय झाली होती. शांतता सुरू झाली की तू चहा ओतायचास. मी एक थाप मारायचो. तू नाय म्हणायचास. तेवढ्यात आय परत यायची.

असो. तर चौदाव्या दिवसापासून मी रोज येत होतो. वायरी ठीक. अ‍ॅम्प्लिफायर ठीक, मोबाइल जोडला तर धडधडीत वाजत होता, वहिनींचा जवळा थरथरला. म्हणजे गडबड यंत्रात. पाच दिवस मी त्याच्या पोटात हात घालून बसलो होतो. आणि एकोणिसाव्या दिवशी पूनम ऑफिसला निघता निघता म्हणाली, "काका, टीव्हीची ती केबल काढू का? बाबांचे फोटो लावले होते ना, लोक भेटायला येत होते तेव्हा."

तू गेलास त्याच दिवशी तिने तुझे फोटो मोठे दिसावेत म्हणून कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता. जोडला की यंत्र आवाजही आपोआप टीव्हीकडे पाठवतं. आणि टीव्हीचा आवाज कोणी तरी मोठ्या माणसाने बंद करून ठेवला होता, कारण सुतकात टीव्ही वाजवत नाहीत. बाळ्या, तुझं यंत्र एकोणीस दिवस व्यवस्थित गात होतं. आम्हीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. ना वायर, ना ड्रायव्हर.

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी. आणि वळून तुला सांगायला गेलो. ते जाऊ दे.

केबल काढली, आवाज बॉक्सकडे वळवला, बटण वीतभर फिरवलं, थांबलो. आय आली. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, दाराला टेकून उभ्या राहिल्या, पदराने हात पुसत. अकरा मिनिटं झाली. शांतता आली. वहिनी म्हणाल्या, "हितं आय पूर्वजांना आवतान द्यायची. घरातली गेलेली मानसं, येकेकाचं नाव घेऊन, या बाबांनो हलदीला म्हनून. मना अर्धंच येतं आता. पुरं कोनाला येत नाय." आणि आत गेल्या.

मला नव्हतं माहीत की तिथे ते होतं. मी गाणं पुसलं एवढंच मला माहीत होतं. कोणाकोणाला मांडवात यायचं बोलावणं पुसलं, ते तीस वर्षं उलटून गेल्यावर कळलं.

आणि तरीही, तुझ्यापासून काय लपवू, माझ्या डोक्यात काय आलं? की सगळ्या गावासमोर सहा मिनिटं शांतता झाली तर लोक विचारतील. त्यापेक्षा ती कापावी आणि दोन टोकं जोडून टाकावी. कोणाला कळणार नाही. एक शेवटची थाप, कात्रीने मारलेली. वहिनी आत भात टाकत होत्या. मी तुझा फोल्डर उघडला. धवल्याच्या फाइलखाली आणखी एक फाइल होती. तुझ्या हाताने नाव दिलेलं: "आय बोलतं". लांबी, सहा मिनिटं.

वीतभर आवाज ठेवला. दाबलं.

"तर मंडळी, खंडाळा सोडलं आणि ब्रेकवर पाय ठेवला तर पाय थेट रस्त्याला लागला!" माझा आवाज. तरणा, माजलेला. पोरांचं हसू. पत्रावळींचा आवाज. मी चपला घासून वीस टन कसे थांबवले, चपलांतून धूर कसा निघाला, खोपोलीच्या लोकांनी तो धूर बघून बंब कसा बोलावला. सगळं स्वच्छ, एक अक्षर न खाता. बुरशी नाही, काही नाही. तू तुझ्या हाताने, गाण्यातून, ही सहा मिनिटं काढली होतीस, तिथे शांतता भरली होतीस, आणि मला विचारलं होतंस की काय झालं असेल.

आणि शेवटच्या मिनिटाला, मी कधीच न ऐकलेलं. आयचा आवाज. गाण्याचा नाही, बोलण्याचा. आधी लांबून, मग जवळ.

"ये इनायका. जेवलास का नाय?"

"जेवतो ना आय, जरा गोष्ट..."

"गोष्ट ऱ्हाऊ दे. घाटात घाबरला व्हतास ना रं पोरा?"

टेपवर माझी बोलती बंद झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. तीन-चार सेकंद नुसता श्वास. मग ती म्हणाली, "घाबरतं मानूस. त्यात काय हाय. चल, ऊठ, जेव आदी. भात थंड जाला." आणि खट.

बाळ्या, ब्रेक गेले नव्हते. नुसते तापले होते, वास यायला लागला होता. मी गाडी कडेला घेतली आणि माझे पाय उतरेनात. दोन तास स्टेअरिंगला धरून बसलो. मागून एक म्हातारा ड्रायव्हर आला, त्याने मला बाजूला बसवलं आणि गाडी खाली आणून दिली. म्हणून हळदीला उशीर झाला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुझ्या आयने तोंड बघून ओळखलं, मला जेवायला घातलं, आणि मी ते विसरून गेलो. विसरलो की गाडून टाकलं, देव जाणे.

मागे वहिनी उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. डोळे पुसले नाहीत त्यांनी, पण हातातला चमचा खाली ठेवला.

"ह्यो तर ते रोज आयकायचे," त्या म्हणाल्या. "आयचा बोलन्याचा आवाज दुसरा कुटं हाय? रैवारी मातर तुमी यायच्या आदी बंद करायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"मी पन तेच बोलली. तर बोलले, सांगितलं तर इन्या लाजंल आनि यायचा बंद व्हईल. नायतर मग त्याची गोष्ट करंल आनि सगल्या पनवेलला सांगंल. दोनी नको."

दोन्ही नको. सहा वर्षं तू माझी लाज स्वतःच्या यंत्राच्या माथ्यावर मारलीस. आणि मी ड्रायव्हर, ड्रायव्हर करत राहिलो. मला तुझा राग आला, खोटं नाही सांगत. एकदा शिवी घालायची होतीस. कॉलर धरायची होतीस. मी तुला आय परत देऊ शकलो नसतो, पण चूक झाली एवढं म्हणालो असतो. तेही तू मला म्हणू दिलं नाहीस. मग राग ओसरला आणि दिसलं की तुझ्या हिशेबी मी तुझी आय पुसली नव्हती. मी ती टेप केली होती. तुला ते बरं वाटत असलं पाहिजे, नाही तर रोज कशाला ऐकलं असतंस?

संध्याकाळी पूनम आली. तिला मी समोर बसवून सगळं सांगितलं. एकही थाप न घालता. पाच मिनिटांत संपलं, खरं किती आखूड असतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काका, तुम्ही ते कापणार होता?"

"होय."

"कापू नका. उलट तो तुकडा परत त्याच जागी लावा. मला आजी बोलताना ऐकायची आहे."

"अगं, ओवे जमलेलं असणार. घाटात मी घाबरलो होतो हे सगळ्यांना कळेल."

"कळू दे ना. त्यात काय आहे?"

तो तुकडा तिने अजून ऐकला नव्हता, तरी ती आजीचंच वाक्य बोलली.

लावलाय, बाळ्या. जिथून काढलास तिथेच, आयच्या दोन अर्ध्या शब्दांच्या मध्ये. गाठीही परत मारल्या आहेत. डावीला एक, उजवीला दोन, तीन यंत्राकडच्या वायरीला. तुझ्यासारख्या बसल्या नाहीत, पण हाताला कळतात. परवा दुपारी बॉक्स टेम्पोतून ओव्याला जातील. जवळ्याचे डबे वहिनींनी उतरवले आहेत. माझ्यासमोर त्या खिडकीशी बसून, त्यांना येतं तेवढं अर्धं आवतान गुणगुणत होत्या. ते त्या हळदीला टेप संपल्यावर मागाहून म्हणणार आहेत. त्यांच्या घराण्याच्या त्या यादीत आता शेवटचं नाव तुझं आहे. तिथे त्या थांबत होत्या, परत मागून सुरू करत होत्या.

ते बोलावणं मीच पुसलं, तेव्हा ते द्यायचं कामही माझ्याकडे येतं. मला गाता येत नाही. एकदा खाडीवर गायलो होतो तर भरती मागे फिरली होती. म्हणून लिहून देतो. बाळाराम, तुझ्या पूनमची हळद परवा संध्याकाळी, ओव्याला, तुमच्या जुन्या घराच्या दारातल्या मांडवात. आयला घेऊन ये.

बटण मीच दाबणार आहे. आवाज आधी वीतभर ठेवीन आणि थांबेन. अकरावं मिनिट येईल, खंडाळा सुटेल, माझे ब्रेक जातील, चपलांतून धूर निघेल, मांडव हसेल. तू मागच्या खुर्चीत बस, आणि मान वर न करता एकदा म्हण, "नाय." मग मी आवाज वर घेईन.